आजोळी पोटभर खा, परत येऊन भाजा: वेंगुर्ल्याच्या फेरीचा आणि घरच्या ओव्हनचा आराखडा

आमच्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी. त्यामुळे माझ्या जन्मदाखल्यावर गाव लागलं ते आईचं, वेंगुर्ला. वाढले मात्र पुण्यात. आजोळ आणि जन्मगाव एकच, आणि राहणं तिसरीकडे, अशी माणसं महाराष्ट्रात घरोघर सापडतील. हा लेख त्यांच्यासाठी आहे. उदाहरण वेंगुर्ल्याचं आहे, कारण तेच मला नीट माहीत आहे. तुमचं गाव दुसरं असेल तर पदार्थ बदलतील, रीत तीच राहील.

आजी गेली त्या वर्षी लक्षात आलं की तिचं धोंडस, म्हणजे पिकल्या काकडीचा, गूळ घालून भाजलेला आमच्याकडचा केक, कुठेच लिहिलेलं नाही. मामीला येतं, पण तेही हाताला. किती गूळ विचारलं की म्हणायची, "अदमासान घालूचा." तेव्हापासून मी गावी जाते ती वजनकाटा घेऊन. पोटभर खाते, पण खाताना शिकतेही, आणि परत आल्यावर आठ दिवसांच्या आत ओव्हन लावते. आठ दिवसांनंतर जिभेवरची आठवण फिकी होते आणि वहीतले आकडे नुसते आकडे उरतात, हे मी दोनदा अनुभवलं आहे.

आधी महिना, मग तिकीट

कोकणात काय खायला मिळणार हे तुम्ही कुठे जेवता यापेक्षा कधी जाता यावर जास्त अवलंबून असतं. फेब्रुवारी ते एप्रिल ओले काजू असतात. ओल्या काजूगरांची उसळ खायची असेल तर हेच दिवस, मे महिन्यात गेलात तर उशीर झालेला असतो. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राने तयार केलेल्या वेंगुर्ला-४ आणि वेंगुर्ला-७ या काजूच्या जाती कोकणभर लावल्या गेल्या आहेत, तेव्हा काजूसाठी या गावासारखं गाव नाही असं मी अभिमानाने सांगते. कोवळ्या फणसाची भाजीही याच सुमारास होते. एप्रिल-मे हा हापूस, पिकलेला फणस, करवंदं, जांभळं आणि रातांब्यांचा काळ. त्या दिवसांत बरक्या फणसाच्या रसाची सांदणं मिळाली तर सोडू नका. ती उकडून करतात, त्यामुळे ओव्हनचा तिथे संबंध नाही.

१ जूनपासून मासेमारीची पावसाळी बंदी सुरू होते. जून-जुलैत जाऊन सुरमईचा आग्रह धरू नका. त्या काळात घरोघरी सुका बाजार, म्हणजे साठवलेली सुकी मासळी, निघतो. उकड्या तांदळाची पेज आणि भाजलेला खारा बांगडा हे जेवण पावसातच खरं लागतं.

धोंडस शिकायचं असेल तर श्रावण ते दिवाळी हा काळ धरा. धोंडसाला लागतो तवसा, म्हणजे पावसाळ्यात मांडवावर किंवा भातखाचराच्या कडेला होणारी मोठी काकडी, पिकून पिवळी-तांबूस झालेली. शहरात मिळणारी हिरवी काकडी हे त्याचं नातलग. नागपंचमीला हळदीच्या पानातल्या पातोळ्या, गणपतीत उकडीचे मोदक, आणि दिवाळीच्या पहिल्या दिवशी, ज्याला आमच्याकडे चावदिवस म्हणतात, नव्या भाताचे गोडे-तिखट पोहे. थंडीत गावोगावच्या जत्रा लागतात. दशावतार बघायला बसायचं आणि हातात आल्याच्या चवीचं, गुळात घोळवलेलं मालवणी खाजं.

रेल्वेचं आगाऊ आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं. उतरायचं कुडाळला किंवा सावंतवाडी रोडला, तिथून एसटी किंवा रिक्षा. गणपतीच्या आठवड्यातली तिकिटं पहिल्या काही मिनिटांत संपतात आणि घरंही माणसांनी भरलेली असतात. शिकायला जाणार असाल तर गणपती विसर्जनानंतरचे पंधरा दिवस निवडा. तवसे पिकलेले असतात आणि घरातल्या बायकांना बसायला सवड असते. फक्त त्यात पितृपक्ष येतो, तेव्हा घरच्या श्राद्धाचे दिवस आधी विचारून घ्या.

फोन करा आणि दिनदर्शिका उघडा

निघण्याआधी दोन गोष्टी कराच. पहिली म्हणजे घरी स्पष्ट सांगा, "मामी, यंदा मला धोंडस करायला शिकव. तू एकटी करून ठेवू नकोस." नाहीतर तुम्ही पोचता तेव्हा ते करून, निववून, डब्यात भरून ठेवलेलं असतं. पाहुण्याला स्वयंपाकघरात राबवणं मामीला पटत नाही, म्हणून हे आधीच ठरवावं लागतं.

दुसरी म्हणजे वार बघा. बऱ्याच घरांत सोमवारी, गुरुवारी, संकष्टीला, एकादशीला मासे होत नाहीत, आणि श्रावण पाळणारे लोक महिनाभर खात नाहीत. चार दिवसांची सुट्टी असेल आणि त्यात दोन दिवस शाकाहाराचे निघाले तर ते दिवस भट्टीसाठी आणि गोडासाठी ठेवा, माशांचे दिवस खाण्यासाठी. आठवडी बाजाराचा वार घरूनच विचारून घ्या, प्रत्येक गावाचा वेगळा असतो.

चार दिवस खायचे कसे

पहिल्या दिवशी बाहेर खाऊ नका. प्रवासाच्या शिणात जीभ थकलेली असते, आणि घरचं पहिलं जेवण हेच पुढच्या सगळ्याचं माप ठरतं. आमच्याकडे त्या दिवशी भात, बांगड्याचं तिखलं आणि सोलकढी असते. तिखल्यात तिरफळं असतात. ती चावायची नसतात, पण त्यांचा वास सगळ्या रश्श्याला लागलेला असतो. माझ्यासाठी वेंगुर्ला म्हणजे हा वास.

दुसऱ्या दिवशी सकाळी घावणे आणि ओल्या खोबऱ्याची चटणी, किंवा आंबोळी आणि काळ्या वाटाण्याचं सांबार. घावणा बिडाच्या तव्यावरचा हवा. नॉनस्टिकवरच्या घावण्याला ती जाळी पडत नाही. दुपारी खानावळ. खानावळ निवडताना पाटी बघू नका, एसटी स्टँड आणि बाजारातले लोक कुठे जेवतात ते बघा. दिवसातून एकच भरगच्च जेवण घ्या. सकाळी कोंबडी-वडे, दुपारी माशांचं ताट आणि रात्री तिसऱ्यांचं, म्हणजे शिंपल्यांचं, सुकं असा बेत केला की तिसऱ्या दिवशी पेजेवर यावं लागतं, आणि पेज ही काही शिक्षा म्हणून खायची गोष्ट नाही.

संध्याकाळ बाजाराची आणि बंदराची. बेकरीतून उंडे घ्या, म्हणजे कडक कवचाचा, आत मऊ असा पाव. गोव्यात त्यालाच उंडो म्हणतात. पाव कोकण-गोव्याच्या किनाऱ्यावर आला तो पोर्तुगीजांच्या मागोमाग. यीस्ट सहज मिळत नव्हतं तेव्हा पीठ फुगवायला माडाची सूर, म्हणजे ताडीसारखी ताजी माडी, घालत. बेकरीवाल्याला सवड असेल तर भट्टी बघू द्या म्हणून विचारा. बहुतेक जण दाखवतात. माझं घरचं भाजणं सुधारलं ते अशा एका भट्टीसमोर अर्धा तास उभी राहिल्यामुळे. ते का, ते पुढे सांगते.

तिसरा दिवस शुक्रवार आला तर बांदा ओलांडून म्हापशाच्या बाजारात जा. तिथला शुक्रवारचा बाजार मोठा असतो. बिबिंक तिथे चाखा. नारळाचं दूध, अंड्याचं पिवळं, साखर, मैदा, जायफळ आणि तूप यांचं हे थरांचं गोड. एक थर ओतायचा, वरून आच देऊन तो तांबूस करायचा, मग त्यावर पुढचा. खाताना लक्ष द्या की प्रत्येक थराचा वरचा भाग भाजलेला असतो आणि आतला मऊ. धोंडसाचं तंत्रही हेच. सरहद्दीच्या अलीकडचा शाकाहारी धोंडस आणि पलीकडचं अंड्याचं बिबिंक, दोन्ही वरच्या निखाऱ्यांवर उभे आहेत. बिबिंक पहिल्याच फेरीत घरी करायला घेऊ नका, त्याला अख्खी दुपार लागते. आधी धोंडस साधू द्या.

चौथा दिवस पूर्ण रिकामा ठेवा. हा मामीच्या चुलीजवळचा दिवस.

वजनकाटा कसा वापरायचा

अदमासाने करणाऱ्या बाईला मोजायला लावलं की तिचा हात बिघडतो. ती वाटीत भरून बघते, थांबते, आणि जे होतं ते तिचं नेहमीचं नसतं. म्हणून तिला मोजायला सांगू नका. तुम्ही डबे मोजा.

पाच किलोपर्यंतचा घरगुती डिजिटल काटा न्या. सकाळी रव्याचा डबा, गुळाचं भांडं, तुपाची बरणी, मिठाचा सट, सगळं झाकणासकट वजन करून वहीत लिहा. पदार्थ भट्टीवर चढला की पुन्हा तेच डबे वजन करा. दोन आकड्यांतला फरक म्हणजे तिचं माप. तवसा किसण्याआधी, सोलून बिया काढल्यावर आणि किसल्यावर असा तीनदा तोला. मीठ आणि वेलची साध्या काट्यावर कळत नाही. त्यासाठी दागिने तोलायचा छोटा काटा स्वस्तात मिळतो, नाहीतर चिमटी एका कागदावर टाकायला सांगा आणि घरी चमच्याने मोजा.

आकड्यांइतकीच महत्त्वाची असते ती अवस्था. मिश्रण डावातून कसं पडतं याचं छोटं चित्रीकरण करा. रवा भाजताना वास कधी बदलतो, त्याची वेळ लिहा. निखारे किती वेळाने बदलले, राख कधी झटकली, तेही लिहा. आणि एक प्रश्न प्रत्येक टप्प्यावर विचारा: "हे चुकलं तर कसं दिसतं?" मामीची सगळ्यात मोलाची उत्तरं मला याच प्रश्नाला मिळाली.

मामी धोंडस करते पितळेच्या कल्हईच्या टोपात. खाली नारळाच्या सोडणांची मंद आच, वर झाकणीत करवंट्यांचे निखारे. टोप चढवला आणि ती म्हणाली, "वर इस्तो जास्ती व्हयो, खाली कमी." इस्तो म्हणजे विस्तव. हे वाक्य मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं आहे. पुढची सगळी तापमानं त्यातून निघाली.

परत येताना काय आणायचं

पिकलेला तवसा. देठासकट, खरचटलेला नसेल तर तो हवेशीर जागी आठवडेच्या आठवडे टिकतो. गावी पडवीत काथ्याने आढ्याला टांगून ठेवतात. रेल्वेत तो कपड्यांमध्ये गुंडाळून आणा, वर काही ठेवू नका. नारळ शेंडी ठेवून सोललेले. तांदळाची कणी, शक्यतो गावच्या तांदळाची. आणल्यावर मंद आचेवर किंचित भाजून ठेवली तर कीड लागत नाही. हळदीची पानं ओल्या फडक्यात आणि वर वर्तमानपत्रात गुंडाळून. घरी आल्यावर पुसून, सुरळी करून फ्रीझरमध्ये ठेवली की दोन-तीन महिने वास राहतो. कोकमं, काजू, खाजं.

विमानाने जाणार असाल तर सुकं खोबरं चेक-इन सामानात टाकू नका, ते ज्वालाग्राही म्हणून अडवलं जातं. परदेशी राहणाऱ्यांनी तवसा आणि पानं नेण्याचा विचार सोडावा. ताजी फळं-भाज्या बहुतेक देशांत विमानतळावरच काढून घेतात. त्यांच्यासाठी पर्याय खाली दिला आहे.

धोंडस

सात-आठ इंचाच्या गोल डब्यासाठी:

तांदळाची कणी किंवा जाड रवा २०० ग्रॅम, किसलेला तवसा त्याच्या पाण्यासकट ४५० ग्रॅम, गूळ १८० ग्रॅम, ओलं खोबरं ८० ग्रॅम, साजूक तूप ४० ग्रॅम आणि डब्याला लावायला थोडं, मीठ अर्धा चमचा, ६ वेलच्या, मूठभर काजू, एक हळदीचं किंवा केळीचं पान. लागलं तर अर्धी वाटी नारळाचं दूध.

तवसा मिळाला नाही तर बाजारात मिळतील तितक्या जून, जाड काकड्या घ्या. कणी नसेल तर इडली रवा चालतो. चव थोडी सौम्य येते, पण धोंडस होतं.

सगळ्यात आधी काकडीची दोन्ही टोकं कापा आणि चाखा. कडू असेल तर ती काकडी वापरू नका. गूळ कडूपणा झाकत नाही, उलट तो भाजल्यावर वर येतो. सोला, उभी चिरा, बियांचा गाभा काढा. तो फेकू नका. गाळणीवर दाबून त्याचं पाणी काढा आणि किसात मिसळा, तवशाचा खरा वास त्या पाण्यात असतो.

कणी किंवा रवा १ चमचा तुपावर मंद आचेवर सहा-सात मिनिटं भाजा. रंग बदलू देऊ नका. खमंग वास आला, दाणा हाताला हलका लागला की उतरवा.

जाड बुडाच्या कढईत किस, गूळ आणि मीठ घालून उकळी आणा. गूळ विरघळला, किस पारदर्शक दिसू लागला की खोबरं घाला. मग एका हाताने रवा भुरभुरत दुसऱ्या हाताने ढवळा. गुठळी झाली तर ती शेवटपर्यंत गुठळीच राहते. चार-पाच मिनिटांत मिश्रण आळतं. ते डावातून संथपणे, पण आपलं आपण पडलं पाहिजे. गोळा होऊन थांबत असेल तर नारळाचं दूध घाला. उरलेलं तूप आणि वेलची मिसळा, झाकून अर्धा तास ठेवा. या अर्ध्या तासात तांदूळ पाणी पितो. मी पहिल्यांदा घाईने हा टप्पा गाळला आणि धोंडस वरून तांबूस, आत कचकचीत झालं.

डब्याला तूप लावा, तळाला पान पसरा, पानालाही तूप लावा. मिश्रण ओता, वर हात ओला करून सारखं करा, काजू दाबा.

आता ओव्हन. १८० अंशांवर आधीच तापवून घ्या. ओटीजी, म्हणजे ओट्यावरचा विजेचा छोटा ओव्हन, असेल तर वरखालच्या दोन्ही कांड्या चालू, डबा मधल्या खणात. पहिली ३० मिनिटं डब्यावर फॉइल घट्ट बसवा. ही आपली झाकणी, हिच्याखाली वाफेत तांदूळ शिजतो. मग फॉइल काढा आणि आणखी १५ मिनिटं भाजा. शेवटची ८ ते १० मिनिटं फक्त वरची कांडी. हे मामीचे करवंटीचे निखारे. वरचा पापुद्रा गडद तांबूस, कडा डब्यापासून सुटलेल्या, आणि मध्ये खुपसलेली सुरी जवळजवळ कोरडी आली की झालं. मायक्रोवेव्हमध्ये कन्व्हेक्शन असेल तर १७० अंश ठेवा आणि शेवटी ग्रिलवर ४-५ मिनिटं, समोर उभं राहून, कारण ग्रिल मिनिटभरात जाळतो.

ओव्हन नसेल तरी अडत नाही. जाड टोप जुन्या तव्यावर ठेवून मंद गॅसवर चढवा, सपाट झाकण ठेवा. शेजारच्या शेगडीवर दुसरा लोखंडी तवा कडक तापवून तो झाकणावर ठेवा, दर दहा मिनिटांनी पुन्हा तापवा. साधारण ५५ मिनिटं लागतात. वरचा तवा सांडशीने धरा आणि मुलांना त्या वेळी स्वयंपाकघरात येऊ देऊ नका.

पूर्ण निवल्याशिवाय कापू नका. यात मैदा नाही, अंडं नाही, सोडाही नाही. तांदळातला स्टार्च शिजून फुगतो आणि निवताना घट्ट होतो, त्यावरच सगळी वडी उभी असते. गरम कापलं तर चुरा होतो. मामीने माझ्या हातातली सुरी काढून घेत सांगितलं होतं, "निवांदे आधी, मगे काप." चार तास थांबा. दुसऱ्या दिवशी ते जास्त चांगलं लागतं. फ्रीजमध्ये तीन-चार दिवस राहतं, खाताना तव्यावर थोड्या तुपात परतून घ्या.

उतरत्या आचेचा दिवस

बेकरीच्या भट्टीसमोर मी जे बघितलं ते असं. विटांच्या भट्टीत लाकडं जाळतात, निखारे बाजूला सारतात, आणि तापलेल्या विटांवर आधी पाव लागतो. भट्टी थोडी उतरली की बिस्किटं, नानकटाई. अगदी शेवटी, रात्रभराच्या मंद उबेवर टोस्ट वाळतात. आच एकदाच पेटवायची आणि ती उतरत जाईल तसे पदार्थ बदलायचे. आम्ही घरी नेमकं उलटं करतो. आज केक, उद्या पाव, परवा बिस्किटं, आणि दर वेळी ओव्हन नव्याने तापवतो.

तेव्हा परत आल्यावरचा एक रविवार असा लावा. सकाळी उंडे २२० अंशांवर, मग धोंडस १८०, मग नानकटाई १६०, आणि शेवटी शिळ्या पावाचे काप ११० वर तासभर, टोस्टसाठी. दोन पदार्थांच्या मध्ये ओव्हनचं दार दोन मिनिटं उघडं ठेवलं की तापमान उतरतं.

उंड्यांसाठी ४०० ग्रॅम मैदा, १०० ग्रॅम कणीक, ५ ग्रॅम इन्स्टंट यीस्ट, ९ ग्रॅम मीठ, १० ग्रॅम साखर, ३२० मिलिलिटर पाणी. दहा मिनिटं चांगलं मळा, दुप्पट होईपर्यंत झाका. पुण्यात उन्हाळ्यात पाऊण तास पुरतो, थंडीत दीड तासही लागतो. दहा गोळे करा, मधोमध पात्याने खोल चीर द्या, पुन्हा अर्धा तास फुगू द्या. ओव्हनच्या तळाशी कढत पाण्याची वाटी ठेवा, त्या वाफेने कवच कडक होतं. १६ ते १८ मिनिटं. तळावर बोटाने वाजवून बघा, पोकळ आवाज आला पाहिजे. ताज्या उंड्यासोबत काळ्या वाटाण्याचं सांबार करा, दुसरं काही लागत नाही.

नानकटाई

दिवाळीच्या आधी मैदा, तूप, पिठीसाखर डब्यात भरून बेकरीत न्यायची, तिथेच पाटावर बसून मळायची, आणि संध्याकाळी नावाची चिठ्ठी लावलेला गरम डबा घरी आणायचा, हे महाराष्ट्रातल्या कितीतरी गावांत घडत असे. काही ठिकाणी अजून घडतं. तुमच्या जन्मगावी अशी बेकरी असेल तर एकदा तरी सामान घेऊन जा. पंधरा बायकांच्या पंधरा पिठांत तुपाचं प्रमाण कसं बदलतं ते तिथे डोळ्यांनी दिसतं.

घरी: मैदा २०० ग्रॅम, बेसन ५० ग्रॅम, पिठीसाखर १२५ ग्रॅम, घट्ट रवाळ साजूक तूप १५० ग्रॅम, पाव चमच्याच्या निम्मा खाण्याचा सोडा, चिमूटभर मीठ, वेलची आणि जायफळ.

सगळी मेहनत तुपात आहे. तूप पातळ करू नका. घट्ट तूप आणि साखर परातीत तळव्याने आठ-दहा मिनिटं फेसा, पांढरं आणि हलकं होईपर्यंत. हा फेस म्हणजे आत अडकलेली हवा, नानकटाईचा खुसखुशीतपणा तिच्यामुळे. मग चाळलेलं पीठ घाला आणि फक्त गोळा होईल इतकंच हाताळा. पोळीच्या कणकेसारखं मळलंत तर कडक होणार. गोळा होत नसेल तर पाणी किंवा दूध नको, चमचाभर तूप आणखी घाला. २४ गोळे करा, किंचित चपटे करा, अंतर ठेवून मांडा. उन्हाळ्यात ताट २० मिनिटं फ्रीजमध्ये ठेवून मगच ओव्हनमध्ये घाला, नाहीतर तूप आधी वितळतं आणि नानकटाई पसरते.

१६० अंशांवर १८ ते २२ मिनिटं. वरून फिकी, कडेला जेमतेम बदामी. काढताना मऊ लागते म्हणून पुन्हा आत ढकलू नका, ताटातच निवू द्या.

वहीतली दुसरी ओळ

पहिल्या भाजणीनंतर गावी फोन करा. नुसतं "छान झालं" सांगू नका, फोटो पाठवा: वरचा पापुद्रा, कापलेली कड, तळ. माझ्या पहिल्या धोंडसाचा फोटो बघून मामीने तीन प्रश्न विचारले. तळाचं पान सहज सुटलं का, दुसऱ्या दिवशी गोड जास्त लागलं का, आणि मीठ किती घातलं. मीठ मी पाव चमचा घातलं होतं. ती म्हणाली, गुळाच्या मानाने कमी. आमच्या शेजारच्या शिरोड्याला मिठागरं आहेत, १९३० चा मिठाचा सत्याग्रह तिथे झाला, आणि त्या गावचं जाडं मीठ मामीच्या सटात कायम असतं. तिची चिमटी जाड्या मिठाची होती, मी ती बारीक मिठात चुकीची उतरवली. पुढच्या वेळी अर्धा चमचा घातलं आणि गुळाची चव उघडली. वर दिलेलं माप हे दुरुस्त केलेलं आहे. वहीत जुना आकडा मी खोडला नाही, त्याच्याखाली नवा लिहून तारीख घातली.